वाचक विचारतात : ‘लोखंड लागलं की कॅन्सर पसरते’ म्हणतात, खरं हाय का मॅडम?

मागच्या अंकात जखम कशी भरते त्यावर लिहिताना मी सांगितलं होतं की आजूबाजूच्या पेशी स्वतः सरकत सरकत येऊन जखम झाकतात आणि त्यांना सरकवणारं मुख्य प्रोटीन म्हणजे ॲक्टिन. तेवढ्या चार ओळींवर इतकी पत्रं अन व्हॉट्सॲप आले की या वेळी दुसरा विषय घेताच येत नाही, आणि बहुतेकांचं घुमून फिरून एकच, मग कॅन्सरची पेशी पण अशीच सरकते का. हो, सरकते. आर्णीकडचं पत्र सगळ्यात आधी घेते कारण त्यात एक माणूस उपचाराविना थांबून राहिलाय.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझ्या मोठ्या बाबांच्या गालात आतून दोन महिन्यांपासून फोड हाय, बाजूनं पांढरा चट्टा अन मधात खड्डा. खर्रा वीस वर्षांपासून खातात. तालुक्याच्या डॉक्टरनं तुकडा काढून नागपूरले तपासाले पाठवू म्हटलं तर घरचे सगळे नाही म्हणून राहिले. गावात दोघा जणांचं तुकडा काढल्यावरच वाढलं म्हणतात, लोखंड लागलं की पसरते. तुम्ही लिहिलं पेशी स्वतः चालते, मंग कॅन्सरची पेशी काऊन चालते? अन तुकडा नाही काढला तर ते एका जाग्यावर राहीन का?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी निर्णयाचं बोलते, पेशीचं मागून. तुकडा काढू द्या, आणि याच आठवड्यात. तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर तो तपासायचाच असतो, इथं तर दोन महिने झाले अन वरून वीस वर्षांचा खर्रा. खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो आणि सगळे नावं ठेवतात तंबाखूला, पण नुसती सुपारी पण कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात स्पष्ट सांगितलंय, म्हणून "तंबाखू कमी टाकून घोटून दे" हा काही उपाय होत नाही. मोठ्या बाबांचा खर्रा आजपासून बंद, रिपोर्ट काहीही येवो.

आता पेशीचं. गालाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून एका पातळ पडद्यावर बसलेल्या असतात, तो पडदा ओलांडून खाली जायचं त्यांचं काही काम नसतं. कॅन्सर झाला की पेशी वाढतच राहते हे सगळ्यांना माहीत असतं, पण नुसत्या वाढण्यानं माणूस जेवढा जात नाही तेवढा पेशी जागा सोडून पसरल्यानं जातो. एकमेकींना धरून ठेवणारी जोडणी सैल होते आणि पेशी पुढच्या बाजूनं आपलंच अंग बाहेर रेटायला लागते. रेटणारे असतात ॲक्टिनचे धागे, एकेक धागा ७ नॅनोमीटर जाडीचा म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका. पेशीच्या पुढच्या कडेला आवरणाच्या अगदी खाली हे धागे वाढत जातात, आवरण पुढं ढकललं जातं, पुढची बाजू खाली चिकटते, मागची सुटते, मग परत तेच. कॅन्सरच्या पेशीत याच धाग्यांचे बारीक खुंट तयार होतात, त्यांना इन्व्हॅडोपोडिया म्हणतात, अन त्यांच्या टोकाशी कोलाजन कापणारी एन्झाइम असतात, ती पडद्याला भोक पाडतात. तिथून खालचं मांस, तिथून लसिकावाहिन्या म्हणजे शरीरातलं पाण्यासारखं द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, आणि तिथून मानेतल्या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर पेशी बऱ्याचदा एकटीदुकटी जात नाही, पट्ट्याच्या पट्ट्या आत घुसतात.

या सगळ्यात लोखंड कुठंच नाही. चाकू नाही लागला, सुई नाही लागली, तरी हे चालूच असतं, आणि याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात झालेल्या कामात आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमनं तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे असे पेशंट घेतले ज्यांच्या मानेत गाठ लागत नव्हती. निम्म्यांच्या मानेतल्या लसिकाग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या, निम्म्यांच्या गाठ दिसल्यावर काढायचं ठरवलं. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला, तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के लोक जिवंत, दुसऱ्यात ६७.५ टक्के. म्हणजे हाताला काही लागत नव्हतं तेव्हाच काहींच्या पेशी मानेत जाऊन बसल्या होत्या. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचं उत्तर हेच आहे, तुकडा काढला नाही म्हणून ते एका जाग्यावर राहणार नाही.

गावातल्या त्या दोघांबद्दल मला वाईट वाटतं, आणि घरच्यांना जे दिसलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तुकडा काढला, नंतर वाढलं, हे खरंच झालं असेल. पण आपल्याकडं माणूस दवाखान्यात जातो केव्हा, तोंड उघडेनासं झालं, भाकर गिळेना झाली, मानेला गाठ आली की मग, तोवर कापूस वेचून होऊ दे, लग्न होऊ दे, आणि तुकडा काढल्यावरही रिपोर्ट येईपर्यंत, पैशाची सोय होईपर्यंत महिना-दोन महिने जातात आणि तेवढ्या वेळात तो आजार त्याच्या वेगानं वाढत राहतो, नाव मात्र चाकूचं होतं. शरीरात काही मोजक्या गाठी अशा असतात की जिथं डॉक्टर स्वतःच सुई टाळून सरळ गाठ काढतात, पण गालातल्या फोडाचा तुकडा घेणं ही जगभरची रोजची पद्धत आहे आणि त्याशिवाय पुढचा कोणताच उपचार नीट ठरत नाही.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, राशन कार्ड अन आधार कार्ड सोबत ठेवा. आणि मोठ्या बाबांना मोठी आईनं सांगितलं तर ते ऐकतील, घरातल्या पोरांपेक्षा त्यांचं वजन जास्त, तेव्हा आधी त्यांच्याशी बोला.

प्रश्न : मॅम, आमच्या पुस्तकात आहे की कोफिलिन हे ॲक्टिनचे धागे तोडतं. आणि खाली चार ओळींनी लिहिलंय की कोफिलिनमुळे कॅन्सर पेशींचं मायग्रेशन वाढतं. तोडणारं प्रोटीन पेशीला पुढं कसं नेईल? सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेत दोन्ही लिहून टाक.
— बी.एस्सी. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी

उत्तर : बेटा, तुझा प्रश्न फार चांगला आहे आणि दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण मधला दुवा कळल्याशिवाय ती नुसती पाठ करायची नाहीत.

ॲक्टिन एका पेशीत किती असतं बघ, स्नायू सोडून बाकीच्या पेशींत पण एकूण प्रोटीनच्या १ ते ५ टक्के एकटं हेच. ३७५ अमिनो ॲसिडचा एक मणी, तसे मणी एकाला एक लागून धागा. धाग्याची दोन टोकं सारखी नसतात, एका टोकाला मणी भराभर लागतात आणि तेच टोक आवरणाकडं तोंड करून असतं. मणी लागताना त्याच्यासोबत एटीपी नावाचा ऊर्जा देणारा छोटा रेणू असतो, थोड्या वेळानं त्याचा एक फॉस्फेट सुटून एडीपी होतं, म्हणून धाग्याचा पुढचा भाग ताजा आणि मागचा जुना, हे लक्षात ठेव कारण कोफिलिन नेमकं जुन्या, एडीपीवाल्या भागालाच जाऊन चिकटतं. कोफिलिन लहानसंच, १६६ अमिनो ॲसिडचं, १९८४ मध्ये जपानच्या निशिदा आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं. चिकटलं की धाग्याचा पीळ बदलतो, आणि पीळ बदललेला भाग व न बदललेला भाग यांच्या सांध्यावर धागा तुटतो.

तुटल्यानं पहिला फायदा मण्यांचा. रब्बीत हरभऱ्याला स्प्रिंकलर लावताना बघितलं असशील, पाइप मोजकेच असतात, मागच्या पट्ट्याचं ओलित झालं की मागचे पाइप सोडून पुढं जोडायचे, मागचे सोडलेच नाही तर पुढं न्यायला पाइपच उरत नाहीत. पेशीत पण मोकळे मणी मोजकेच, जुना धागा सुटला तरच नवा वाढेल, आणि तो सोडायचं काम कोफिलिन करतं.

दुसरा फायदा पुस्तकं नीट सांगत नाहीत आणि कॅन्सरमध्ये तोच जास्त महत्त्वाचा. एक धागा मधात तुटला की एक नवं टोक तयार होतं, आणि नवं टोक म्हणजे मणी लागायला नवी जागा. दहा ठिकाणी तुटलं की दहा टोकं. त्यावर परत एआरपी २/३ नावाचा सात प्रोटीनांचा गट येतो, १९९४ मध्ये थॉमस पोलार्ड यांच्या लॅबमध्ये अकँथमिबा नावाच्या अमिबात सापडला, तो या ताज्या धाग्यांवर बसून साधारण ७० अंशात फांदी काढतो. तुटणं, टोकं, फांद्या, आणि सगळ्यांचा रेटा एकाच दिशेनं आवरणावर. म्हणून तोडणारं प्रोटीन पेशीला पुढं नेतं, अट एकच, ते योग्य जागी अन योग्य वेळी तोडलं गेलं पाहिजे.

हे नुसतं तर्कानं मानलेलं नाही बरं का. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये जॉन कॉन्डीलिस आणि डेव्हिड लॉरेन्स यांच्या टीमनं कॅन्सरच्या पेशीत असं कोफिलिन घातलं की ज्याचं काम रसायनानं बांधून ठेवलेलं आणि प्रकाश पडला की ते मोकळं व्हायचं. मग पेशीच्या एकाच बाजूला प्रकाशाचा ठिपका टाकला. त्या बाजूला आवरण बाहेर आलं आणि पेशी त्याच दिशेला वळली! २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. मला आजही हा प्रयोग वर्गात सांगताना अंगावर काटा येतो, कारण दिशा ठरवणारं काम आपण ज्याला तोडणारं म्हणतो त्याच्याकडं निघालं.

एरवी पेशी कोफिलिनला मोकाट सोडत नाही. लिम कायनेज नावाचं एन्झाइम कोफिलिनच्या तिसऱ्या अमिनो ॲसिडवर, सेरिनवर, फॉस्फेट लावतं, मग ते ॲक्टिनला चिकटत नाही. स्लिंगशॉट नावाचं दुसरं एन्झाइम तो फॉस्फेट काढतं. काही कोफिलिन आवरणातल्या पीआयपी२ या चरबीला बांधून असतं, बाहेरून वाढीचा संदेश देणारं ईजीएफ आलं की पीआयपी२ तुटतं आणि कोफिलिन तिथंच आवरणाखाली सुटतं, एका मिनिटाच्या आसपास नवी टोकं दिसायला लागतात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी अशा ईजीएफच्या मागं मागं जातात. आता परीक्षेत एक चूक हमखास होते, पोरं लिहितात की कॅन्सरमध्ये कोफिलिन वाढतं म्हणून पेशी पळते. इतकं सरळ नाही. काही कॅन्सरमध्ये कोफिलिन वाढलेलं सापडतं तर काहींत त्याला थांबवणारं लिम कायनेज पण वाढलेलं असतं, म्हणून एकूण किती आहे यापेक्षा त्यातलं कामावर किती, कुठं, आणि लागतं-सुटतं ते किती झटपट, यावर सगळं ठरतं. सगळंच बंद केलं तर पेशी हलत नाही आणि सगळंच मोकळं केलं तर धागेच उरत नाहीत.

आणि आपल्या भागाशी जवळचं एक लिहून ठेव. कॉर्टॅक्टिन नावाचं अजून एक प्रोटीन आहे, एआरपी २/३ नं काढलेल्या फांद्या टिकवून धरतं आणि मी वर सांगितलेल्या खुंटांमध्ये भरलेलं असतं. त्याचा जीन ११ नंबरच्या क्रोमोसोमवर ११क्यू१३ या जागी, आणि डोकं-मान भागातल्या बऱ्याच कॅन्सरमध्ये, तोंडाचा त्यातच आला, ही जागा एकाच्या अनेक प्रती होऊन वाढलेली सापडते. खर्रा खाणाऱ्या इतक्या तरुण पोट्ट्यांच्या जिल्ह्यात राहून तू हे शिकतेस, पुढं एम.एस्सी.ला गेलीस तर हा विषय घे असं मी मनापासून सांगीन.

प्रश्न : मी मेडिकल चालवतो. कॅन्सरच्या एवढ्या गोळ्या-इंजेक्शनं येतात, मग पेशी चालूच नये असं औषध कंपन्या का काढत नाहीत? ॲक्टिन बंद केलं की विषय संपला ना.
— एक औषध विक्रेता, काटोल

उत्तर : ॲक्टिन बंद करणारे पदार्थ आहेत भाऊ, पुष्कळ वर्षांपासून आहेत. बुरशीतून मिळणारं सायटोकॅलॅसिन, समुद्री स्पंजमधून मिळणारं लॅट्रनक्युलिन, आणि एका विषारी अळिंबीतलं फॅलॉइडिन, ते उलट धागे इतके घट्ट धरून ठेवतं की सुटतच नाहीत. लॅबमध्ये रोज वापरतात, पेशंटला देत नाहीत, कारण हृदयाचा प्रत्येक ठोका ॲक्टिनवर चालतो. तुमच्या फळीवर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध असेल, ते पेशीतल्या वेगळ्या धाग्यांवर काम करतं, मायक्रोट्युब्यूलवर, म्हणून ते देता येतं, त्याचा पण त्रास पेशंटला किती होतो तुम्ही बघताच.

बरं मग ॲक्टिन सोडा, त्याला चालवणारं एखादं प्रोटीन बंद करू म्हटलं तर ते कॅन्सरचं खास नसतं, ते सगळ्यांचं. उंदरात कोफिलिनचा मुख्य जीन काढून टाकला तर पिल्लू गर्भातच मरतं, ज्या पेशींनी जागा बदलून चेहरा अन नसा घडवायच्या त्या जागच्या हलत नाहीत. माणसात विस्कॉट-आल्ड्रिच नावाचा आजार आहे, एआरपी २/३ ला कामाला लावणारं एक प्रोटीन त्यात बिघडलेलं असतं, जीन १९९४ मध्ये सापडला, त्या मुलांच्या पांढऱ्या पेशी जंतूच्या मागं नीट जात नाहीत, सारखं इन्फेक्शन, रक्तस्राव, अंगावर इसब. एरवी पांढरी पेशी मिनिटाला १० मायक्रॉन सहज सरकते आणि आपण जिवंत आहोत ते तिच्यामुळं.

तरी एक वाट निघालीय. फॅसिन नावाचं प्रोटीन ॲक्टिनच्या धाग्यांच्या जुड्या बांधतं, आणि ते मोठ्या माणसाच्या अस्तराच्या निरोगी पेशींत जवळपास नसतंच, कॅन्सर पसरणाऱ्या पेशीत मात्र भरपूर. म्हणून त्याला अडवलं तर बाकी शरीराला कमी धक्का बसेल असा हिशेब आहे. फॅसिन अडवणारं एक औषध अमेरिकेत माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलंय, नाव अजून नंबरातच आहे, एनपी-जी२-०४४. पण यात एक अडचण आहे ती मला फार खटकते. कॅन्सरच्या औषधाची चाचणी बघते की गाठ किती लहान झाली, आणि पेशीचं चालणं थांबवणारं औषध गाठ लहान करेलच असं नाही, ते फक्त तिला दुसरीकडं जाऊ देणार नाही. मग औषध काम करून पण मोजमापात नापास व्हायचं. त्यासाठी बरीच वर्षं थांबून नवीन जागी गाठ आली का हे बघणाऱ्या चाचण्या लागतात, त्यांना पैसा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, तरी व्हायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलं की हे सगळं प्रोटीनमुळं होतं. माझ्या सासूबाईंची केमो सुरू हाय, तर आम्ही डाळ, अंडी, दूध बंद केलं. बरोबर केलं ना?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : नाही ताई, आज संध्याकाळपासूनच परत सुरू करा. ॲक्टिन, कोफिलिन ही प्रोटीनं ताटातून उचलून पेशीत जात नाहीत, डाळ पोटात पचून तिचे अमिनो ॲसिड होतात आणि प्रत्येक पेशी आपलं प्रोटीन स्वतः बनवते, कॅन्सरची पेशी तर उपाशी माणसाच्या स्नायूतून पण ओढून घेते. डाळ बंद केल्यानं तिला काही होणार नाही, सासूबाईंचं वजन घटेल, ताकद जाईल आणि डॉक्टरला केमोचा डोस कमी करायची नाही तर पुढं ढकलायची वेळ येईल. तुरीचं पातळ वरण, मऊ भात, उकडलेलं अंडं, दही, तोंड आलं असेल तर तिखट नको, बस. किडनीचा त्रास असेल तेवढं डॉक्टरला विचारून घ्या.

प्रश्न : लॅबच्या कॅम्पमध्ये रक्तातून कॅन्सर मार्करचं पॅकेज देऊन राहिले. त्यात हे कोफिलिन-फॅसिन तपासतात का? अन तुकड्याचा रिपोर्ट आला तर त्यात आपण काय पाहावं?
— एक वाचक, चिमूर

उत्तर : तपासत नाहीत, आणि तोंडाचा कॅन्सर आहे की नाही हे सांगणारी रक्ताची कोणतीच खात्रीची टेस्ट आज रोजच्या वापरात नाही, ते पैसे वाचवा. तोंड उघडून, बॅटरी लावून, डॉक्टरला दाखवणं हीच तपासणी.

तुकड्याच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे का आणि कोणत्या प्रकारचा एवढं कळतं. ऑपरेशन झाल्यावर जो मोठा रिपोर्ट येतो त्यात पेशी किती चालून गेल्या ते लिहिलेलं असतं. डेप्थ ऑफ इन्व्हेजन, म्हणजे कॅन्सर किती खोल घुसला, ही ओळ शोधा, मिलिमीटरमध्ये असते. आधी तोंडाच्या गाठीची स्टेज तिच्या रुंदीवरून ठरायची, २०१८ पासून लागू झालेल्या स्टेजच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीत खोली पण धरतात, ५ मिलिमीटरपर्यंत, ५ ते १०, आणि १० च्या वर, कारण वरून लहान दिसणारी गाठ खाली किती घुसली त्यावर मानेतल्या गाठींचा धोका ठरतो. मग नोड्स, म्हणजे मानेतल्या लसिकाग्रंथी, ही ओळ, किती काढल्या अन त्यातल्या किती पॉझिटिव्ह. मग मार्जिन, कापलेल्या कडेला कॅन्सर पोचलाय का. आणि पेरिन्युरल इन्व्हेजन, म्हणजे पेशी नसेच्या बाजूनं गेल्या का. यावरूनच ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा की नाही ठरतं. रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि दुसऱ्या दवाखान्यात जायचं असेल तर पहिल्या लॅबमधून तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या, त्या मिळाल्या तर बहुतेक वेळा परत तुकडा काढावा लागत नाही.